तीनदा पुकारलेली गाडी

मी आयुष्यात दोनदा साक्ष दिली. पहिली खोटी निघाली. दुसरी खरी होती, पण ती द्यायला मला तीन वर्षं लागली, आणि देताना पुढच्या बाकाची पाठ धरून उभं राहावं लागलं.

ज्यांना आमच्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमची मंडळी लहान आहे. नांदेडच्या जुन्या वस्तीत, पत्र्याच्या छपराचं चर्च. रविवारी दुसरं गीत झालं की पाळकसाहेब विचारतात, "कोणाला साक्ष द्यायची आहे?" मग आठवड्यात ज्याच्या घरी देवानं काही केलं असेल तो उभा राहतो. कोणाचा ताप उतरलेला असतो, कोणाची बदली रद्द झालेली असते, कोणाची चुकलेली शेळी दोन दिवसांनी आपल्या पायांनी परत आलेली असते. सगळे ऐकतात, "आमेन" म्हणतात, खाली बसतात. बायकाच जास्त उभ्या राहतात. मी कधीच उभा राहिलो नव्हतो.

माझं कामच बोलायचं आहे. नांदेडच्या बसस्टँडवर मी वाहतूक नियंत्रक आहे. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, आलेली गाडी रजिस्टरात लिहायची, जाणारी गाडी माइकवर पुकारायची. लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूर. अर्धापूरमार्गे हिंगोली. एका दमात तीस गावांची नावं म्हणतो मी. घरी आलो की मात्र तोंड उघडत नाही. बायको म्हणायची, "यांच्या तोंडून काही ऐकायचं तर तिकीट काढून स्टँडवरच जावं लागतं." लोक हसायचे. मीही हसायचो, तेवढंच.

आम्हाला एकच मुलगी. हुशार होती, म्हणजे आहे. दहावीला चांगले मार्क पडले तेव्हा आमच्याकडच्या चार आईबापांसारखं आम्हीही ठरवलं की हिला लातूरला ठेवायचं आणि डॉक्टर करायचं. तिला विचारलं का? विचारलं असेल. ती "हो" म्हणाली होती. पंधरा वर्षांची पोरगी बापाला दुसरं काय म्हणणार.

लातूरला एका किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिला खोली मिळाली. सकाळी क्लास, दुपारी क्लास, मेसचा डबा, पुन्हा अभ्यास. भिंतीवर तिनं दिवसाचे तास आखलेला कागद लावला होता. एकदा बघितला, त्यात झोपेला पाच तास होते. मला अभिमान वाटला.

बारावीनंतर मेडिकलच्या 'नीट'मध्ये थोडक्यात हुकलं. "रिपीट करू," मी म्हणालो. करू, असं म्हणालो, जसा काही मीच बसणार होतो.

त्या पावसाळ्यात बाहेरगावचे एक प्रचारक आमच्या मंडळीत आले होते. बोलायला मोठे गोड. ते म्हणाले, विश्वास म्हणजे काय, तर दिसायच्या आधी मिळालं म्हणून सांगायचं. देव आपल्या लेकराचा शब्द खाली पडू देत नाही. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी माझ्या पोरीचं नाव घेतलं नव्हतं. पण त्या रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी, जो वीस वर्षांत उभा राहिलो नव्हतो, तो उभा राहिलो.

"माझ्या लेकीला देवानं डॉक्टर केलं आहे," मी म्हणालो. "अजून दिसत नाही, पण झालेलं आहे. पांढऱ्या कोटातली मला ती दिसते."

काय सांगू, चर्च दणाणलं. टाळ्या वाजल्या. माझा आवाज माइकविना एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं. आमच्या मंडळीत एक म्हाताऱ्या मावशी आहेत, चर्चच्या शेजारीच झंपर-परकर शिवतात. त्या डोळे पुसत आल्या आणि म्हणाल्या, "लेकरा, कोट मी शिवणार. पोरीच्या शाळेचा एखादा जुना ड्रेस दे मापाला."

पंधरा दिवसांत कोट शिवून आला. पांढराशुभ्र, तीन खिसे, खिशावर निळ्या दोऱ्यानं छोटा क्रूस. आम्ही तो कपाटात टांगला. परीक्षा दहा महिने लांब होती.

त्या वर्षीही तिला जागा मिळाली नाही. मंडळीत मी सांगितलं, "देवाची वेळ अजून आली नाही." आणि तिसऱ्या खेपेला बसवलं. तिनं वाद घातला नाही. त्या उन्हाळ्यात ती घरी चार दिवस राहिली, तेव्हा मावशी दर रविवारी आम्हाला विचारायच्या तेच त्यांनी तिला विचारलं, "कोट बरोबर बसला का गं?" ती हसली आणि म्हणाली, "अजून घालून बघितला नाही, आजी."

नोव्हेंबरमध्ये एके दिवशी भर दुपारी तिचा फोन आला. मी केबिनमध्ये होतो, दोन गाड्या लागलेल्या.

"पप्पा, मी घरी येऊ का?"

"का? काय झालं?"

"काही नाही झालं. मला आठ दिवस झोपायचंय फक्त."

मी म्हणालो, "झोपायला काय, तिथं झोप की."

"इथं झोप येत नाही, पप्पा. वाचलेलं काही डोक्यात राहीना. मला नाही व्हायचं डॉक्टर. मला घरी यायचंय."

तेव्हा मी जे बोललो ते अक्षरशः लिहितो. मी म्हणालो, "अगं, मी साक्ष दिलीय. मंडळीत कोणत्या तोंडानं जाऊ?"

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. रागात माणूस काहीबाही बोलतो, नंतर पुसून टाकता येतं. मी पुढं जे केलं ते रागात केलं नाही.

त्यानंतर आठवडाभरानं दुपारी लातूरची गाडी आली. माणसं उतरत होती. पाठीला निळी बॅग लावून ती उतरली. वाळली होती. केस कसेतरी बांधलेले. फलाटावर उभी राहून तिनं माझ्या केबिनकडं बघितलं. आमच्या काचेवर कायम धूळ असते. बाहेरून आतला माणूस धड दिसत नाही. आतून मात्र सगळं दिसतं. मला ती दिसली. दहा पावलं होती.

त्या क्षणी माझ्या मनात तिचं वाळलेपण आलं नाही. मनात आलं, उद्या रविवार. मावशी विचारतील, कधी आली? मध्येच कशी काय आली?

तीच गाडी परत लातूरला जाणार होती. वेळ झालीच होती. मी माइकचं बटण दाबलं आणि गाडी पुकारली. ती ड्युटी होती. मग पुन्हा पुकारली. ती ड्युटी नव्हती. तिसऱ्या वेळी मी वर एवढंही म्हणालो, "लातूरकडं जाणाऱ्या प्रवाशांनी गाडीत बसून घ्यावं."

ती तशीच उभी राहून ऐकत होती. मग वळली आणि गाडीत चढली. गाडी सुटल्याची नोंद मी केली. ते पान मी नंतर एकदा काढून बघितलं. अक्षर सरळ आहे.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. आईला फोन करायची. तिसरी परीक्षा तिनं दिली की नाही, हेही मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. लातूरलाच तिनं रक्त-लघवी तपासायचा कोर्स केला आणि एका लॅबमध्ये कामाला लागली. बायको दोन-तीन महिन्यांनी जाऊन यायची. चिवडा, लोणचं, मेथीचे ठेपले बांधून न्यायची. मी तिला गाडीत बसवून द्यायचो. परत आली की विचारायचो, "बरी आहे?" ती म्हणायची, "बरी आहे." यापलीकडं आम्ही दोघं कधी गेलो नाही.

मंडळीत मी "लातूरलाच आहे, चाललंय तिचं" असं सांगत राहिलो. हळूहळू लोकांनी विचारायचं सोडलं. लोक समजूतदार असतात. तेच जास्त लागतं.

या तीन वर्षांत मी एकही रविवार चुकवला नाही. पण प्रभूची प्रार्थना म्हणताना सुरुवातीच्या त्या एका शब्दाशी माझी जीभ अडायची. पित्या. बाकीची प्रार्थना मी सगळ्यांबरोबर म्हणायचो, तो शब्द सोडून. देव बाप आहे म्हणतात, आणि बाप कसा असतो हे तर मला आता पक्कं माहीत झालं होतं. तो केबिनमध्ये बसतो. त्याला सगळं दिसतं. तो रजिस्टरात लिहितो. आणि तुम्ही दारात आलात की तो परतीची गाडी पुकारतो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीनं सगळे एकाच ताटातल्या भाकरीचा तुकडा घेतात. भाकरीचं ताट आलं की मी ते शेजाऱ्याकडं सरकवायचो. कोणाच्या लक्षात येत नसेल असं वाटायचं. एकदा बाहेर चपला घालताना मावशी म्हणाल्या, "का रं, जेवणाच्या पंगतीतून उठल्यावानी करतूस? कोणावर रुसलास?"

"रुसलो नाही, मावशी. पोट बरं नसतं."

"तीन वर्ष पोट बरं न्हाई? मग दाखव की डॉक्टरला." आणि डॉक्टर हा शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि निघून गेल्या.

थकवा म्हणजे काय ते मला त्या वर्षांत कळलं. वय पन्नाशीच्या पुढं, पाय सुजायचे, घसा बसायचा, हे तर होतंच. पण खरा थकवा वेगळा होता. आठ तास ड्युटी करून घरी यावं आणि घरातही ड्युटीच करावी, तशातला. काहीही वाईट न केलेल्या माणसासारखं दिसायला लई ताकद लागते.

गेल्या उन्हाळ्यातला एक रविवार. पंखा बंद, लाइट गेलेली, पत्रा तापलेला. शास्त्रातला तो दाखला वाचला गेला: धाकटा मुलगा वाटा घेऊन दूर जातो, सगळं उधळतो, उपाशी मरायची वेळ आल्यावर घराकडं वळतो. मी तो पन्नासदा ऐकलेला. कधी त्या पोराच्या बाजूनं, कधी घरी राबणाऱ्या थोरल्या भावाच्या बाजूनं. त्या दिवशी वाचता वाचता पाळकसाहेबांना ठसका लागला आणि ते नेमके थांबले ते बाप पोराला लांबूनच बघतो आणि धावत सुटतो, तिथं. त्यांना कोणीतरी पाणी दिलं. अर्धा मिनिट चर्चमध्ये शांतता. आणि त्या अर्ध्या मिनिटात मला माझ्या बापाचे अनवाणी पाय दिसले.

ते आता सांगावं लागेल. आमचं गाव लोह्याच्या अलीकडं. मी दहावीत गणितात नापास झालो. बाप बोलला, मी उलटून बोललो. "तू माझा बाप न्हाईस," असं म्हणालो आणि नांदेडची गाडी धरली. तिथून अर्धापूरला. केळीचे घड ट्रकमध्ये भरायचं काम मिळालं, तिथंच पडून राहायचो. चार महिने घरी कळवलं नाही. मग एके दिवशी हैदराबादला जावं असं डोक्यात घेऊन नांदेडच्या स्टँडवर आलो. याच स्टँडवर.

फलाटाच्या पलीकडून एक माणूस धावत येत होता. धोतराचा सोगा हातात, पाय उघडे, मधून गाड्या वळत होत्या आणि ड्रायव्हर शिव्या देत होते. माझा बाप धावू शकतो हे मला माहीत नव्हतं. जवळ आला, धापा टाकत उभा राहिला. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तो म्हणाला, "जेवलास का?"

फडक्यात भाकरी बांधलेली होती. दर बाजारच्या दिवशी तो भाकरी बांधून पहिल्या गाडीनं यायचा आणि दिवसभर त्या बाकावर बसून शेवटच्या गाडीनं परत जायचा, हे मला तिथल्या हमालानं सांगितलं. चार महिने. मी विचारलं, "इथंच का बसलास?" म्हणाला, "तू कुठं गेलास म्हाईत न्हाई. पण कुठं बी जायचं तर इथूनच जावं लागतंय. म्हून इथं बसलो."

आम्ही बाकाजवळ गेलो तर त्याच्या चपला कोणीतरी पळवलेल्या. बसताना काढून ठेवल्या होत्या. मला बघून तसाच धावला होता. तो पोट धरून हसला. "चपला गेल्या, पोरगं घावलं. नफ्यात हाय मी!" गावापर्यंत अनवाणी आला. मरेपर्यंत ही गोष्ट तो सांगायचा. माझ्या लेकीला मांडीवर घेऊन त्यानं ती शंभरदा सांगितली असेल.

आणि मी, ज्याला या स्टँडवर बापानं धावत येऊन उचललं, त्यानं त्याच स्टँडवर दहा पावलं टाकली नाहीत.

पाळकसाहेब पाणी पिऊन पुढं वाचायला लागले. मला पुढचं ऐकू आलं नाही. वर्षानुवर्षं मी देवाला माझ्या केबिनमध्ये बसवला होता. तो तिथं नव्हताच. तो बाहेर बाकावर बसला होता, भाकरी बांधून. काच तर माझी होती, धूळही माझीच.

मी रडायला लागलो. आवाज न करता रडायची सवय आहे, पण त्या दिवशी आवाज झाला. मागून एक हात माझ्या पाठीवर आला. मावशींचा, सुईनं टोचून खरबरीत झालेला. "रडू दे," त्या कोणाला तरी म्हणाल्या, "इचारू नका काही."

महिन्याचा पहिलाच रविवार होता. ताट आलं. मी ते हातात धरून राहिलो आणि मला इतकंच ऐकू आल्यासारखं वाटलं, कुठूनही नाही, आपल्याच आत कोणी खालच्या आवाजात विचारावं तसं: जेवलास का? का गेलास, काय केलंस, हे नाही. मी तुकडा घेतला.

उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब आशीर्वाद द्यायला उठले तेव्हा मी उभा राहिलो. साक्षीची वेळ टळून गेली होती. मी बाकाची पाठ धरली आणि सगळं सांगितलं. फोन, निळी बॅग, धुळीची काच, तीन वेळा पुकारलेली गाडी. बायको बायकांच्या बाजूला बसली होती. तिच्याकडं बघायचं धाडस झालं नाही. शेवटी म्हणालो, "मावशी, कोट मी खोटं बोलून शिवून घेतला. माफ करा."

कोणी आमेन म्हटलं नाही. मग मावशींचा आवाज आला, "कोटाचं काय घिऊन बसलास येड्या! पोरीला आण की घरी."

बायको माझ्या पुढं चालत घरी गेली. मी मागं. स्वयंपाकघरात तिनं कुकर लावला, शिट्ट्या होऊ दिल्या. मग म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"लोहा सोडल्यावर तिनं गाडीतूनच फोन केला होता. त्याच दिवशी. सगळं सांगितलं."

"मग तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी बोलता ते बघत होते." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "तीन वर्षं, अहो. एका घरात." पुढं ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. ते बरोबरच होतं.

पाचव्या दिवशी रजा टाकून मी लातूरच्या गाडीत बसलो. माझ्याच फलाटावरून. केबिनमध्ये दुसरा होता. त्यानं गाडी एकदाच पुकारली.

लातूरला दुकानात घरमालकीणबाई बसल्या होत्या. लिंगायत बाई, साठीच्या, गळ्यात चांदीची लिंगाची डबी. मी सांगितलं, नांदेडहून आलो, तिचे वडील.

"हाव का!" त्यांनी तराजू खाली ठेवला. "म्या म्हटलं पोरीला आई तेवढीच हाय. बसा. पायरीवर नगा ओ बसू, गिऱ्हाईक येतंय. आत या."

पाणी दिलं. मग म्हणाल्या, "त्या वर्षी नव्हं का, नांदेडास्नं परत आली तवा, तापानं फणफणली हुती. तीन दिस म्या उशाला बसले. महादेवाला बेल घातला. तुमच्या येशूला कोण सांगितलं हुतं का न्हाई, द्येव जाणे."

"नाही सांगितलं," मी म्हणालो. "मला माहीतच नव्हतं."

"मग काय तर. बाप हाव का पावणा?"

मी मान खाली घातली. पण मनात आलं, मी माझ्या लेकीला ज्या दिवशी परत पाठवलं त्याच दिवशी तिच्या उशाला कोणीतरी बसवलं गेलं होतं. मी न सांगता. मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो असतो, पण तेवढ्यात लेक आली.

लॅबला नेलेला जेवणाचा डबा हातात. मोठी दिसत होती. मला बघून दारातच थांबली.

मी म्हणालो, "जेवलीस का?"

"अडीच वाजले, पप्पा. सगळं जग जेवलं."

पप्पा म्हणाली, हे मी मनात ठेवून घेतलं.

"तू आली होतीस त्या दिवशी. मी बघितलं होतं."

"माहीत आहे." ती दुकानातल्या बरण्यांची झाकणं सरळ करायला लागली. "पहिल्यांदा पुकारलं तेव्हा वाटलं, ड्युटी आहे. दुसऱ्यांदा वाटलं, दिसलं नसेल तुम्हाला. तिसऱ्यांदा मग कळलं."

"माझं चुकलं. तुला आठ दिवस झोपायचं होतं."

तिचे हात थांबले. बाई उगाच आत जाऊन भांडी वाजवायला लागल्या.

"आता लगेच मला काही बोलायला लावू नका," ती म्हणाली.

"नाही लावत."

"आणि मंडळीत सांगू नका, पोरगी भेटली म्हणून."

"नाही सांगत."

"वाटही बघू नका माझी."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि निघालो.

परत आल्यापासून दर साप्ताहिक सुट्टीला मी स्टँडवर जाऊन लातूरच्या फलाटासमोरच्या बाकावर बसायला लागलो. आधी बायको म्हणाली, वेड लागलं. मग डबा द्यायला लागली, दोघांचा. माझ्या जागेवर केबिनमध्ये बसणारा माझी खिल्ली उडवायचा, "काय साहेब, सुट्टीच्या दिवशी बी इथंच? वहिनी घरात घेईनात का?" मी म्हणायचो, "घेतात, पण इथं वारं चांगलं आहे." तिथं वारं नाही, डिझेलचा धूर आहे.

तिथं बसून मी फार मोठ्या प्रार्थना केल्या असं नाही. बरेचदा डुलकी लागायची. कधी नुसता तो एक शब्द म्हणायचो, जो तीन वर्षं सोडला होता. तो म्हटला की बाकावर शेजारी कोणीतरी आधीपासून बसलेलं आहे असं वाटायचं. माझ्याहून जास्त दिवस, माझ्याहून जास्त जणांसाठी. मग एकटं वाटायचं नाही. दमलेला तर होतोच. पण कोणाच्या तरी शेजारी बसून दमलेला असणं वेगळं.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. वीस-पंचवीस वेळा डबा भरलेला परत नेला. नाताळच्या आधीच्या शनिवारी दुपारच्या गाडीतून ती उतरली. तीच निळी बॅग, आता एक पट्टा शिवलेला.

मी उठलो. धावलो असं म्हणायला मला आवडलं असतं, पण गुडघे आहेत. चार पावलं गेलो असेन. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पप्पा, चपला कुठंयत?"

"बाकाखाली. पाय सुजतात."

"घाला आधी. जातील." तिचा ओठ जरासा हलला. "आजोबांच्या गेल्या तशा."

घरी आईनं ताट वाढलं, तिनं चार घास खाल्ले आणि म्हणाली, "मी झोपू का?"

कपाटातला कोट मी त्या दिवशी शोधला, लपवावा म्हणून. तो नव्हताच. बायको म्हणाली, "कापड चांगलं होतं. दोन वर्षांपूर्वीच मी त्याचे अभ्रे शिवले." आतल्या खोलीत जाऊन बघितलं तर लेक त्याच उशीवर गाल टेकून झोपली होती, तोंड किंचित उघडं, लहानपणी झोपायची तशी. निळा क्रूस कानाशी आला होता.

ती उठलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पाय न वाजवता बाहेर पडलो, दार हळूच ओढून घेतलं. चर्चमध्ये दुसरं गीत झालं. पाळकसाहेबांनी विचारलं, "कोणाला साक्ष द्यायची आहे?" मावशींनी वळून माझ्याकडं बघितलं, माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं असावं.

मी बसून राहिलो. ती घरी झोपली होती.